त्याला यायला वेळ लागला

१

त्या सकाळी मी मुंगीच्या डब्यासाठी ब्रेडला लोणी लावत होतो. ती टेबलापाशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. तिला साय चालत नाही, म्हणून दुधावरची साय मी चमच्याने काढून बशीच्या कडेला ठेवली होती. सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. नाडीची गाठ मारता मारता, वर न बघताच ती म्हणाली, "तुम्ही चहा घेतलात का?"

मला वाटलं, दारात कोणीतरी आलंय. मी वळून बघितलंसुद्धा. दार बंद होतं.

मुंगी नऊ वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. घरात ती मुंगीच, कारण रांगायला लागल्यापासून साखरेचा डबा कुठे ठेवलाय हे तिला न सांगता कळायचं. बोलायला लागल्यापासून मी तिचा 'ए बाबा'. 'ए बाबा, तू ना अगदी ढ आहेस,' हे तिचं माझ्याबद्दलचं पक्कं मत, आणि तिच्या आईचाही त्याला पाठिंबा होता. 'तुम्ही' ती डॉक्टरांना म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणायची, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंना म्हणायची.

ती शाळेत गेल्यावर मी ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मुंगी तिच्याकडे दोन महिने राहून आठवड्यापूर्वीच परत आली होती.

"तू हिला शिष्टाचार शिकवलेस का गं?"

"मी? माझी स्वतःची पोरं मला अगं-तुगं करतात, आणि मी दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावू?" ताई हसली. मग म्हणाली, "तिची आई गेलीय रे. काहीतरी कुठेतरी हललेलं असणारच. चार दिवसांत येईल ठिकाणावर."

मलाही तसंच वाटलं.

२

मी दात बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा काढून माझ्याकडे पाठवतात, आणि मी त्यावरून कॅप, कवळी, जे लागेल ते तयार करतो. घराची मागची खोली हीच माझी कामाची खोली. तिथे भिंतीला लागून लांब टेबल आहे, त्यावर मेणाच्या वड्या, प्लास्टरची पोती खाली, आणि वर फळ्यांवर शेकडो जबडे. नवा माणूस आत आला की एकदा तरी दचकतो. मुंगी लहान असताना त्या जबड्यांना नावं द्यायची. एकाला ती 'हेडमास्तर' म्हणायची, आणि तो खरंच एका हेडमास्तरांचा निघाला.

अपघात झाला तेव्हा गाडी मी चालवत होतो. मुंगी मागच्या सीटवर झोपली होती. "जरा थांबू या का? चहा घेऊ. तुझे डोळे मिटतायत," असं तिची आई मला म्हणाली होती. मी म्हणालो, "दहा मिनिटं, पोचलोच." तिचं हे शेवटचं बोलणं मी कोणालाच सांगितलं नाही. पोलिसांना नाही, ताईला नाही.

मुंगीला ओरखडाही आला नाही. माझा वरचा पुढचा दात स्टिअरिंगवर आपटून मुळापासून तुटला. बाकी मी धड होतो. पंधरा दिवसांनी मी माझ्यासाठी दात बनवला आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून बसवून घेतला. घाईत केल्यामुळे तो शेजारच्या दातापेक्षा केसभर आखूड राहिला. दुसऱ्या कोणाचा असता तर मी परत केला असता.

मुंगीला मी ताईकडे पाठवलं. सगळ्यांना सांगितलं की तिच्या भल्यासाठी. खरं असं होतं की ती समोर आली की मला श्वास घेता येत नसे. ती रडायला लागली की मी उठून कामाच्या खोलीत जायचो आणि मशीन सुरू करायचो. मी स्वतः रडलो नाही. एकदाही नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे.

३

'तुम्ही' चार दिवसांत गेलं नाही. ती उद्धट नव्हती, उलट फार चांगली वागत होती. ताट उचलून ठेवायची. "तुम्हाला त्रास नसेल तर खिडकी लावू का?" असं विचारायची. पाहुण्यांच्या घरी राहिलेली शहाणी मुलगी जशी वागते, तशी.

एका दुपारी मी एका कवळीचं मेण घासत होतो. मधल्या भिंतीपलीकडे मुंगीची खोली. तिकडून तिचा आवाज आला.

"तू ना अगदी ढ आहेस. सातला सातने गुणलं तर पन्नास कसे येतील?"

माझा हात थांबला. कित्येक महिन्यांत तो सूर मी ऐकला नव्हता. त्यानंतर अगदी खालच्या पट्टीत कोणीतरी काहीतरी बोललं, शब्द न कळण्याइतकं हळू, आणि मुंगी खळखळून हसली.

मी मनाशी म्हणालो, खालच्या काकूंचा रेडिओ असेल. या इमारतीत नळातून आवाज चढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी मी उठलो. तिच्या खोलीचं दार उघडलं. ती पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, मांडीवर वही. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पलंगावरची चादर मात्र एका जागी दबलेली होती, तिच्या डोक्याच्या अगदी मागे.

"कोणाशी बोलत होतीस गं?"

"बाबाशी."

"मी तर तिकडे होतो."

मोठ्या माणसाने न जमलेला विनोद केला की मुलं जशी बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग माझं मन राखायला थोडंसं हसली.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही तिकडेच होतात."

४

मनाच्या डॉक्टरांकडे दोनदा नेलं. तिथे ती शहाण्यासारखी बोलली. डॉक्टर म्हणाले, मुलं दुःखातून स्वतःची वाट काढतात, तुम्ही फक्त बरोबर राहा. बरोबर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मला वेणी घालता येत नाही. तिच्या आईने दोनदा शिकवलं, पण माझ्या हातून दोरखंड व्हायचा. मुंगी परत आल्यापासून रोज सकाळी ती निमूट माझ्यापुढे पाठ करून बसायची आणि मी एक ओबडधोबड वेणी घालून द्यायचो. एका सोमवारी ती खोलीतून बाहेर आली ती वेणी घालूनच. घट्ट, सरळ, भांग नीट काढलेला, आणि शेवटचं टोक आत वळवून बांधलेलं. टोक आत वळवणं ही तिच्या आईची पद्धत. ती मी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर पाहिलेली नाही.

"कोणी घातली?"

"बाबाने. त्याला आता जमते."

मी स्वतःला समजावलं, ताईने शिकवलं असेल आणि हिची हिनेच घातली असेल. नऊ वर्षांच्या मुली पाठीमागे हात नेऊन वेणी घालतात की.

त्याच आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिका बाईंचा फोन आला. "काल तुम्ही आलात, फार बरं वाटलं," बाई म्हणाल्या. "मुलांना काय हसवलंत! तुमची मुलगी किती दिवसांनी मोकळी झाली. आणि तुम्ही आईबद्दल बोलताना रडलात ना, त्याचा संकोच बाळगू नका. मुलांनी तेही बघायला हवं."

काल मी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत टेबलापाशी होतो. फोन ठेवून मी कामाच्या खोलीत गेलो आणि बघितलं. सहा कॅप, घासून, चकाकी देऊन, ओळीने मांडलेल्या. एवढं काम नऊ तासांच्या आत होत नाही. मधे तासभर बाहेर गेलो असतो तर सहावी झालीच नसती. मी त्या सहाही कॅप हातात घेऊन मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

 

५

शनिवारी मुंगी खाली शिंपीणकाकूंकडे फ्रॉकचं माप द्यायला गेली होती. मी तिच्या खोलीत केर काढत होतो. खिडकीच्या कट्ट्यावर एक सफरचंद होतं. एका बाजूने लहान लहान घास घेतलेले. ते मुंगीचे, कारण तिचा एक सुळा अजून अर्धाच आला आहे आणि त्याची खूण मी हजारांत ओळखेन. दुसऱ्या बाजूने एकच मोठा घास होता. फळ तिथे अजून काळं पडलेलं नव्हतं.

दुसरा कोणी बाप असता तर त्याने ते टोपलीत टाकलं असतं. माझा धंदाच दातांचा.

मी ते कामाच्या खोलीत नेलं. शिकाऊ असताना आमच्या मालकांनी प्रत्येकाला आधी स्वतःच्याच तोंडाचा साचा काढायला लावला होता. 'आपलं तोंड ज्याला कळलं नाही त्याला दुसऱ्याचं काय कळणार,' असं ते म्हणायचे. माझा तो साचा वीस वर्षं वरच्या फळीवर आहे. तो काढला, धूळ पुसली, आणि वरचे दात सफरचंदाच्या खाचेवर टेकवले.

किल्ली कुलपात बसावी तसे ते बसले. उजवीकडचा तो जरा वाकडा दात, मधली फट, सगळं जसंच्या तसं.

मी खुर्चीवर बसलो. चला, म्हणजे मीच. मीच तिच्या खोलीत जातो, मीच सातने सात गुणतो, मीच शाळेत जाऊन रडतो आणि मला ते आठवत नाही. दुःखाने माणसाला असं होतं, मी ऐकलं होतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. वेड लागलं तर लागलं, पण तिच्याजवळ मीच बसतो आहे ना!

मग खात्री करायला मी त्याच फळाच्या कोऱ्या भागाचा एक घास घेतला आणि दोन्ही खाचा शेजारी ठेवून दिव्याखाली धरल्या.

माझ्या खाचेत पुढच्या दाताची खूण अर्धवट होती. दात केसभर आखूड, तो तेवढाच वर राहतो. दुसऱ्या खाचेत ती खूण पूर्ण होती. तो घास अख्ख्या दातांच्या माणसाने घेतला होता. आठ महिन्यांपूर्वी मी जसा होतो, तशा माणसाने.

६

मी तिला विचारायचं ठरवलं. रागावून नाही. दूध गरम केलं, साय काढली, आणि तिच्यासमोर बसलो.

"मुंगी, बाबा कधी आला गं?"

तिला बरं वाटलेलं दिसलं, की मी शेवटी नीट प्रश्न विचारला. "आत्याकडे असताना. आधी आला नव्हता. त्याला यायला वेळ लागला."

"का?"

"चालत आला ना." तिने दूध प्यायलं, ओठ पुसले. "गाडीत आईबरोबर थांबला होता तो. मग आईला घेऊन गेले, तेव्हा निघाला."

बाहेर कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. मला ती शिट्टी फार लांबून ऐकू येत होती.

"आणि मी कोण?"

तिला मला दुखवायचं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. "तुम्ही घर सांभाळता," ती म्हणाली. "डबा देता. तुम्ही चांगले आहात."

तेव्हा मी तिला ते सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. आई थांबू या म्हणाली होती. मी थांबलो नाही. मला वाटलं, हे सांगताना तरी रडू येईल, आणि ते बघून तिला पटेल. पण डोळे कोरडे ते कोरडेच. बोलून झाल्यावर मी तिथे नुसता बसून राहिलो, कोणीतरी पत्ता विचारावा आणि आपल्याला माहीत नसावा, तसा.

मुंगीने माझ्या हातावर हात ठेवला. "मला माहितीये. त्याने सांगितलंय. तो हे सांगताना खूप रडतो." मग ती उठली, कप धुऊन पालथा घातला. "त्याला तुमचा राग येत नाही. तो म्हणतो, तुम्ही फार थकलात."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला भिंतीपलीकडून गुणगुणणं ऐकू आलं. मला गाता येत नाही, पण गुणगुणतो मी. गुणगुणायचो. आवाज माझा होता.

मी चपला काढल्या आणि अनवाणी तिच्या दारापर्यंत गेलो. दार वीतभर उघडं होतं. फटीतून मला मुंगी दिसली, जमिनीवर बसलेली, पाठ पलंगाकडे, डोळे मिटलेले. इतका निवांत चेहरा मी तिच्या आईच्या मांडीवर सोडून कुठे पाहिला नव्हता. तिच्या केसांत दोन हात होते. पुरुषाचे हात. तीन पेड उचलून एकावर एक टाकत होते, सावकाश, जराही न चुकता. मनगटांपलीकडचं दाराआड होतं.

माझ्या नखांत कायम प्लास्टर असतं, कितीही धुतलं तरी. ते हात स्वच्छ होते. एवढाच फरक.

मला आत जायचं होतं. आत जाऊन त्याला ओढून काढायचं होतं, निदान तोंड बघायचं होतं. पण माझे पाय हलले नाहीत, आणि ते भीतीने नाही. मला वाटलं, मी आत गेलो तर ती डोळे उघडेल.

वेणी झाली. त्यातला एक हात दाराकडे आला, कडेवर बोटं टेकली आणि त्याने दार अलगद लोटून घेतलं. आदळलं नाही की कडी वाजली नाही. बाहेर कोणी कामात असेल तर त्याला त्रास होऊ नये म्हणून आपण लोटतो, तसं.

८

मी ताईला फोन केला. "उद्या सकाळी तिला घेऊन येतो. मीही राहतो तुझ्याकडे. काय झालं ते विचारू नकोस."

"ये," ताई म्हणाली. "दोघंही या."

मुंगीची पिशवी मीच भरली. चार फ्रॉक, लोकरी टोपी, शाळेची वह्या-पुस्तकं, तिच्या आईचा लहानसा कंगवा. सकाळी तिला सांगितलं, "तयार होऊन बस. मी दाढी करतो आणि निघू." ती "बरं" म्हणाली.

मी न्हाणीघरात होतो. गालाला साबण होता. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "ए बाबा, चल ना रे! किती वेळ!"

आजही तो क्षण आठवला की माझे कान गरम होतात. किती महिन्यांनी ऐकलं मी ते. वस्तरा बेसिनमध्ये पडला. मी ओरडलो, "आलोच!"

माझ्याच आवाजात, माझ्याच वेळेला, बाहेरूनही कोणीतरी "आलोच!" म्हणालं.

टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत दार उघडं होतं आणि जिन्यावर चार पावलं वाजत होती. दोन मोठी, दोन छोटी, उड्या मारत. मी तसाच गालावर साबण घेऊन खाली धावलो. दारात शिंपीणकाकू गळ्यात टेप अडकवून उभ्या होत्या. मला बघून त्यांनी आ वासला.

"अहो, हे काय? तुम्ही आत्ता तर पोरीला घेऊन गेलात! मला हात केलात की!"

"कोणीकडे गेलो मी?" मी विचारलं.

एक पाऊल मागे सरकून त्यांनी दार लावून घेतलं.

९

चौकातल्या औषधांच्या दुकानाबाहेर कॅमेरा आहे. पोलीस अधिकाऱ्याने मला त्यातलं चित्रण तिसऱ्या दिवशी दाखवलं. माझा चालण्याचा ढंग, माझा निळा शर्ट. तो शर्ट अपघाताच्या दिवशी माझ्या अंगावर होता आणि हॉस्पिटलमध्ये कापून काढला होता. मुंगी त्याचा हात धरून काहीतरी सांगत होती, तोंड एकसारखं चालू. दुकानापाशी तिच्या बुटाची नाडी सुटली. तो खाली बसून बांधू लागला, आणि तोल जाऊ नये म्हणून तिने त्याच्या डोक्यावर हात टेकला. मग दोघं चित्राच्या कडेपर्यंत गेले आणि कडेच्या बाहेर निघून गेले.

मी पुन्हा दाखवायला सांगितलं. त्याने तीनदा दाखवलं. एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही.

"हे तुम्हीच ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

नाही म्हणालो असतो, तर त्यांनी लिहिलं असतं, मुलगी अनोळखी माणसाबरोबर गेली. ते खरं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"मग कुठे नेलंत तिला?"

हा प्रश्न मला दीड वर्ष विचारला जातोय. खोली बदलते, साहेब बदलतात, प्रश्न तोच. सुरुवातीला मी म्हणायचो, माहीत नाही. मग मला वाटलं, विचार करून बघू. मी तिला घेऊन गेलो असतो तर कुठे गेलो असतो? बदकांचं तळं आठवलं, तिथे ती तासन्‌तास बसायची. मी तळ्याचं नाव सांगितलं. त्यांनी तळं उपसलं. टेकडीवरची पडकी चौकी आठवली, तिथे आम्ही तिघं एकदा पावसात अडकलो होतो. ती सांगितली. त्यांनी आजूबाजूची जमीन खणली. पाच जागा मी सांगितल्या, पाचही त्यांनी उकरल्या. कुठेच काही सापडलं नाही. फक्त प्रत्येक जागा मोडली.

ताई महिन्यातून एकदा येते. पहिल्या काही भेटींत ती नुसती रडायची. आता रडत नाही. गेल्या वेळी ती तुरुंगातल्या काचेच्या अगदी जवळ आली.

"अजून एक जागा आहे तुझ्या मनात," ती म्हणाली. "मी तुला लहानाचा मोठा केलाय. तोंडावर दिसतं तुझ्या."

मी मान खाली घातली.

"अरे, जिवंत असेल तर तिला घरी आणू. नसेल तर... नसेल तरी घरीच आणू. सांग ना रे. मला एकटीला सांग."

जागा आहे. लांब आहे, पण चालत जाता येते; तिथूनच तर तो चालत आला होता. तिथे ते दोघं असतील, किंवा नसतील. मी सांगितलं की दुसऱ्या दिवशी फावडी घेऊन माणसं जातील.

"नाही गं ताई," मी म्हणालो, "आता एकही जागा उरली नाही."

शिपाई येऊन वेळ संपली म्हणाला. ती उठली, पदराने काच पुसली, तिथे तिच्या श्वासाचं धुकं जमलं होतं, आणि गेली. या महिन्यात ती आली नाही.